कोंडलेल्या दिवसांत मोबाइलने मुलांना काय दिले, काय हिरावले

मुलांच्या मोबाइलचा विषय निघाला की पालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा तासांचा असतो. दिवसाला दोन तास चालतील की तीन, अभ्यासाचा वेळ त्यात धरायचा की नाही, रविवारी थोडी सूट द्यावी का. प्रश्न रास्त आहे, कारण तास मोजता येतात आणि जे मोजता येते त्यावर घरात नियम करता येतो. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या महासाथीमुळे मुले घरात कोंडली गेली असताना जे घडले, त्याचा जगभर अभ्यास झाला आणि त्यातून उभे राहिलेले चित्र पाहिले, तर तासांचा आकडा हा या प्रश्नाचा एक लहानसा भाग आहे असे लक्षात येते. मोबाइल हातात आला तेव्हा मुलाच्या दिवसातून काय निघून गेले, त्यावर ते काय आणि कोणाबरोबर करत होते आणि मुळात ते त्याकडे कशासाठी वळले, हे पाहिल्याशिवाय त्याच्या मनाचे काय झाले ते कळत नाही.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि शाळा त्याच्या काही दिवस आधीच बंद झाल्या होत्या. कोल्हापूर जिल्ह्यात २०२१ मधील दुसरी लाट बराच काळ रेंगाळली आणि ती ओसरण्याच्या सुमारास, जुलैमध्ये, पंचगंगेला महापूर आला. २०१९ च्या ऑगस्टमधील महापूर अजून विस्मरणात गेला नव्हता. म्हणजे शिरोळ किंवा करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या मुलांनी दोन वर्षांच्या आत दोनदा घर सोडले आणि मधला बराच काळ शाळा बंद असताना काढला. राज्यात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा नियमित भरवण्याचा निर्णय अमलात येऊ लागला तो डिसेंबर २०२१ मध्ये. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात हा काळ किती मोठा असतो, याचा मोठ्यांना सहजासहजी अंदाज येत नाही.

या काळात पडद्यासमोरचा वेळ वाढला, यात वाद नाही. ‘जामा पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निरनिराळ्या देशांतील ४६ अभ्यास एकत्र तपासले गेले. महासाथीपूर्वी मुले दिवसाला सरासरी १६२ मिनिटे पडद्यासमोर असत, महासाथीत ती सरासरी २४६ मिनिटांवर गेली. त्याच नियतकालिकातील २०२१ च्या दुसऱ्या एका आढाव्यात सुमारे ८१ हजार मुलांची माहिती होती. त्यांपैकी साधारण चारांत एका मुलामध्ये नैराश्याची आणि पाचांत एका मुलामध्ये चिंतेची, डॉक्टरांनी लक्ष घालावे इतपत लक्षणे आढळली, आणि हे प्रमाण आधीच्या अंदाजांच्या जवळपास दुप्पट होते.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की निष्कर्ष आपोआप तोंडावर येतो: मोबाइल वाढला, म्हणून मुलांचे मन बिघडले. येथेच थांबून विचार करायला हवा. गगनबावड्यात छत्र्याही जास्त दिसतात आणि पाऊसही जास्त पडतो, पण छत्र्यांमुळे पाऊस येतो असे आपण म्हणत नाही. दोन गोष्टी एकत्र वाढल्या तर पहिलीमुळे दुसरी वाढलेली असू शकते, दुसरीमुळे पहिली वाढलेली असू शकते, किंवा तिसऱ्याच एखाद्या कारणाने दोन्ही वाढलेल्या असू शकतात. मुलांच्या बाबतीत हे तिन्ही प्रकार एकाच वेळी घडत होते. उदास झालेले मूल मोबाइलकडे अधिक वळते, रात्री उशिरापर्यंतच्या मोबाइलने झोप मोडून ते आणखी उदास होते, आणि दोन्हींच्या मागे बंद शाळा, घरातले आजारपण आणि वडिलांचा बुडालेला रोजगार हे तिसरे कारण असते. २०१९ मध्ये, म्हणजे महासाथीच्या आधी, एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी लाखो किशोरवयीन मुलांच्या माहितीचे विश्लेषण केले होते. मुलामुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लावता येतो, असे त्यांना आढळले. याचा अर्थ मोबाइल निरुपद्रवी आहे असा नव्हे. सरासरीत हा परिणाम लहान दिसतो, कारण काही मुलांना त्याचा फार त्रास होतो, काहींना फायदा होतो आणि बहुतेकांना फारसा फरक पडत नाही. पालकाने ओळखायचे असते ते आपले मूल यांपैकी कोठे आहे हे.

आता ज्या तिसऱ्या कारणाचा उल्लेख केला, त्यातील एकाकीपणाकडे वळू, कारण मोबाइलवर बोलता बोलता तोच नेमका मागे पडतो. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या मारिया लोड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये, टाळेबंदी चालू असतानाच, एकाकीपणा आणि मुलांचे मानसिक आरोग्य यांविषयीच्या आधीच्या ६३ अभ्यासांचा आढावा घेतला. एकाकीपणा आणि नंतरचे नैराश्य यांचा संबंध काही अभ्यासांत नऊ वर्षांनंतरही दिसत होता. त्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब अशी की, एकाकीपणा किती तीव्र होता यापेक्षा तो किती काळ टिकला याचा मानसिक लक्षणांशी अधिक घट्ट संबंध होता. मूल आठवडाभर फार एकटे पडले तर त्यातून सावरू शकते, पण वरवर सौम्य वाटणारे एकटेपण महिनोन्महिने मुरत गेले तर ते खोल जाते. घरात शांत बसलेल्या, कसलीही तक्रार न करणाऱ्या मुलाकडे त्या काळात आपले दुर्लक्ष झाले ते यामुळेच. त्याचा त्रास ओरडून सांगण्याइतका कधीच तीव्र नव्हता.

मुलांना मुले कशासाठी लागतात, हे समजण्यासाठी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील किंवा मंगळवार पेठेतील एखाद्या दहा वर्षांच्या मुलाची साधी संध्याकाळ पाहावी. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून ते गल्लीत येते. मोठी मुले फुटबॉल खेळत असतात, त्यात लहान म्हणून त्याला गोलकीपर करून उभे करतात. गोल सुटला की चार बोलणी बसतात, ते रुसून कट्ट्यावर जाऊन बसते, कोणी तरी हाक मारते, आणि थोड्या वेळाने ते पुन्हा खेळात असते. या अर्ध्या तासात त्याने अपमान पचवला, राग आवरला, समोरच्याचा चेहरा वाचला, माघार घेतली आणि तडजोड केली. यातले काहीही त्याला कोणी शिकवले नाही. तालमीत जाणाऱ्या मुलाला वस्तादांची शिस्त आणि जोडीदाराची संगत मिळते, रंकाळ्यावर सायकल फिरवणाऱ्या मुलींना घरच्यांच्या नजरेबाहेर बोलायला मोकळी जागा मिळते. वय जसे बारा-तेराच्या पुढे जाते, तसे मित्रमैत्रिणींचे मत आईवडिलांच्या मतापेक्षा जड होऊ लागते आणि आपण कोण आहोत हे मूल त्यांच्या नजरेतून तपासू लागते. ही सगळी व्यवस्था एका दिवसात बंद झाली. शाहू स्टेडियम ओस पडले, तालमींना कुलपे लागली आणि गल्लीत खेळणाऱ्या मुलांना मोठी माणसे हटकू लागली.

त्या रिकाम्या जागेत मोबाइल आला. तो आला नसता तर मुले अधिक सुखी राहिली असती, असे मला वाटत नाही. पुण्यात अडकलेल्या आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलणारे मूल, वर्गातल्या मैत्रिणींबरोबर रोज संध्याकाळी गप्पा मारणारी मुलगी, चौघांचा गट करून कानाला हेडफोन लावून खेळणारी आणि खेळता खेळता एकमेकांवर ओरडणारी मुले, यांना त्या पडद्यातून थोडीफार सोबतच मिळत होती. पबजी या मोबाइलवरच्या खेळावर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, तेव्हा अनेक घरांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला. पण काही मुलांसाठी त्या दिवशी मित्रांना भेटण्याचा उरलेला कट्टाही गेला, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. समोर खरा माणूस असून तो प्रतिसाद देतो असा पडदा आणि एकामागून एक चित्रफिती आपोआप पुढे ढकलणारा पडदा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घड्याळ मात्र दोन्ही एकाच खात्यात मोजते.

एकामागून एक चित्रफिती येत राहतात तेव्हा मूल उठत नाही, याला केवळ मुलाचा हट्ट कारणीभूत नसतो. पुढची चित्रफीत फार आवडेल की कंटाळवाणी निघेल, हे आधी ठाऊक नसते. बक्षीस ठरलेल्या वेळी न मिळता कधी तरी अचानक मिळते तेव्हा ते मिळवण्याची धडपड सर्वांत चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकात प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते. शिवाय पुस्तकाचा धडा संपतो, मैदानात अंधार पडतो, मालिकेचा भाग संपतो. या चित्रफितींना शेवटच नसतो, त्यामुळे थांबण्याचा क्षण मुलाला स्वतःच्या मनोबळावर निर्माण करावा लागतो, आणि हे बळ पुरते यायला मेंदूला विशी ओलांडावी लागते.

मनावर होणारा सर्वांत स्पष्ट परिणाम मात्र झोपेच्या वाटेने होतो आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. अंधार पडू लागला की मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची खबर मिळते. डोळ्यांजवळ धरलेल्या पडद्याचा प्रकाश ही खबर उशिरा पोचवतो. प्रकाशाइतकाच दोष पडद्यावरील मजकुराचाही असतो, कारण भांडण, खेळातली हार किंवा भीतीदायक बातमी पाहून झोपायला गेलेल्या मुलाचे मन जागेच राहते. किशोरवयात शरीराचे घड्याळ मुळातच थोडे उशिराकडे सरकलेले असते. सकाळी शाळेला जायचे असेल तर ते रोज जागेवर आणले जाते, आणि सकाळचे ऊन त्याला मदत करते. शाळा बंद झाल्यावर हा खुंटाच निघाला.

त्यातच आपल्याकडच्या घरांची एक वेगळी अडचण होती, जी परदेशी अभ्यासांत फारशी सापडत नाही. उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे वडील, दोन खोल्यांचे घर, आठवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि घरात स्मार्टफोन एकच. तो फोन दिवसभर वडिलांच्या खिशात असतो. रात्री आठ वाजता तो घरी येतो, जेवणे होईपर्यंत धाकट्याच्या हातात जातो आणि मुलीच्या वाट्याला येतो तो दहानंतर. शाळेच्या गटावर आलेल्या गृहपाठाची छायाचित्रे पाहून ती वहीत उतरवून घेते, मग मैत्रिणींचे दिवसभराचे निरोप वाचते, आणि हा दिवसातला तिचा एकमेव स्वतःचा वेळ असल्यामुळे तो लवकर संपवावा असे तिला वाटत नाही. सकाळी उठायला उशीर होतो, दिवसभर चिडचिड होते, आणि आई म्हणते, “मोबाइलनं पोरीला बिघडवलं.” या मुलीचा पडद्यासमोरचा वेळ मोजला तर तो दोन तासांच्या पुढे जाणार नाही. तिचे नुकसान तासांनी केले नाही, ते रात्रीच्या उशिराच्या वेळेने केले. घरातल्यांनी बसून फोनची पाळी संध्याकाळी लावून दिली असती, तर तिची निम्मी चिडचिड कमी झाली असती.

केंद्राच्या शिक्षण खात्याने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्वप्राथमिक मुलांसाठी दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त नको, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी तशी चार सत्रे, असे त्यांत म्हटले होते. सूचना समंजस होत्या. पण त्या पाळायच्या तर घरात फोन हवा आणि फोनला रेंज हवी. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. म्हणजे त्यानंतरही साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत तो नव्हता. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याच्या डोंगराळ वाड्यांवर तर फोन असूनही रेंजसाठी टेकडी चढावी लागे. वर्गातली बाकीची मुले आत आहेत आणि आपण बाहेर आहोत, ही भावना मुलाच्या मनाला कमी लागत नाही. पडद्याचा अतिरेक आणि पडद्याचा अभाव ही दोन्ही दुखणी एकाच जिल्ह्यात एकाच वेळी होती, आणि दुसऱ्याबद्दल आपण फार कमी बोललो याची मला खंत वाटते.

पाच वर्षांखालच्या मुलांबाबत मात्र तासांचा नियम अधिक ठाम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाच्या आतील बाळांना पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना एका तासापेक्षा जास्त नको, असे सांगितले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीही जवळपास अशाच आहेत: दोन वर्षांपर्यंत पडदा नाही, अपवाद जवळच्या माणसांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा, दोन ते पाच वर्षे, मोठ्यांच्या देखरेखीखाली जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षे, दोन तासांपेक्षा कमी. याचे कारण असे की या वयात भाषा आणि भावना दोन्ही प्रतिसादातून शिकल्या जातात. बाळ हुंकारते, आई त्याच्याकडे पाहून उत्तर देते, बाळ पुन्हा हुंकारते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आयांना थोडा वेळ बाळासमोर निर्विकार चेहऱ्याने बसायला सांगितले, तेव्हा बाळांनी आधी हसून, हात पुढे करून आईचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला आणि तिचा चेहरा हलत नाही असे पाहून ती अस्वस्थ झाली, काही रडू लागली. आपल्या हातातल्या फोनकडे पाहत बाळाला भरवताना आपला चेहरा नेमका तसाच होतो. मुलांच्या पडद्याची चर्चा करताना मोठ्यांच्या पडद्यालाही तिच्यात जागा हवी, असे मला मनापासून वाटते.

आज शाळा भरतात, मैदाने गजबजली आहेत, मग हे सगळे पुन्हा कशाला, असे कोणी विचारेल. मुले अजूनही कोंडली जातात. नदीकाठच्या गावांत पुराचे पाणी आले की, लांबलेल्या आजारपणात, दहावीचे वर्ष म्हणून खेळ बंद केला जातो तेव्हा, किंवा ओळखीचे कोणीच नसलेल्या नव्या वसाहतीतील फ्लॅटमध्ये घर बदलले जाते तेव्हा. अशा वेळी मोबाइलच्या वाढत्या वापराकडे आधी खूण म्हणून पाहावे. मूल जेथे पूर्वी जात होते तेथे आता जाते का, दारात मित्र आला तर फोन बाजूला ठेवून उठते का, झोप आणि भूक जागेवर आहे का, हे पाहावे. उठत असेल तर काळजीचे फारसे कारण नाही. फोन काढून घेतला की अंगावर धावून येते, अशी तक्रार पालक फार वेळा करतात. एक-दोन वेळचा असा राग हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने पडद्यावरच्या खेळाच्या (व्हिडिओ गेमच्या) व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले आहे आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात अट अशी आहे की खेळावरचा ताबा सुटलेला असावा, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ झालेला असावा, नुकसान दिसत असूनही तो चालू राहावा आणि हे साधारणपणे बारा महिने टिकलेले असावे.

फोन अचानक हिसकावून घेतल्याने क्वचितच काही साधते, कारण ज्या रिकाम्या जागेत तो शिरला ती जागा तशीच राहते. आधी झोप जागेवर आणावी: फोन रात्री मुलाच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा, आणि हा नियम घरातल्या सर्वांना सारखा असावा. मग मुलाच्या दिवसात एक माणूस परत आणावे. एकदम क्रीडा शिबिरात नाव घालण्यापेक्षा एकाच मित्राला घरी बोलावणे लाजऱ्या मुलाला सोपे जाते. सकाळी उन्हात शाळेपर्यंत चालत जाणे झोपेला आणि मनाला दोन्हींना उपयोगी पडते. मोठ्या मुलाबरोबर त्याचा मोबाइलवरचा खेळ एकदा शेजारी बसून पाहावा, त्यात कोण कोण आहे हे विचारावे. तो कोणाबरोबर खेळतो ते कळले की तो एकटा आहे की नाही तेही कळते. आणि फोनची वेळ ठरवताना मिनिटांपेक्षा ठिकाण आणि प्रसंग ठरवावेत: जेवताना नाही, अंथरुणात नाही, हे घड्याळ न पाहता पाळता येते.

उदासी, चिडचिड किंवा गप्प राहणे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, मूल आवडत्या गोष्टींतूनही अंग काढून घेऊ लागले किंवा शाळेत जायलाच नकार देऊ लागले, तर तज्ज्ञाला भेटावे. मरणाची किंवा स्वतःला इजा करून घेण्याची भाषा मुलाने एकदा जरी केली, तरी ती लक्ष वेधण्यासाठी आहे असे न मानता त्याच दिवशी मदत घ्यावी आणि मुलाला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची ‘टेलि मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवता येते. पहिल्या भेटीत डॉक्टर बहुधा झोप, जेवण, शाळा आणि मित्र यांविषयी आधी विचारतात आणि मोबाइलविषयी नंतर. म्हणून मुलाच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा आठवडाभर एका कागदावर लिहून तो कागद बरोबर न्यावा, आणि भेटीत काही मिनिटे मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे.